रबराचा पीळ: जुन्या गाडीचे सस्पेन्शन बुश बदलताना

माझ्या सोळा वर्षांच्या हॅचबॅकच्या लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश मी पहिल्यांदा स्वतः बदलले, तेव्हा ते आठ महिन्यांत फाटले. गाडीला मूळचे लागलेले बुश सव्वा लाख किलोमीटर चालले होते. साहजिकच सगळं खापर नव्या मालावर फोडून मी मोकळा झालो. बाजारातला माल हा असाच, ओरिजिनलची सर त्याला कुठून येणार, वगैरे. दुसऱ्यांदा काम काढलं तेव्हा नाइलाजाने त्याच मेकचे बुश घ्यावे लागले, दुसरे मिळेचनात. त्यांना आता तीन वर्षं झाली आणि ते ठणठणीत आहेत. माल तोच होता. पहिल्या वेळी मी बोल्ट आवळले ते चाकं हवेत लटकत असताना, दुसऱ्या वेळी चाकांवर गाडीचा भार आल्यावर, एवढाच काय तो फरक.

एवढ्याशा गोष्टीने इतका फरक का पडावा हे कळायचं, तर बुश काम कसं करतो ते आधी पाहायला हवं. नावातच खरी गफलत आहे. बुश म्हटलं की पितळेचा किंवा गनमेटलचा बुश डोळ्यांपुढे येतो. त्याच्या आत शाफ्ट फिरतो, बुश हळूहळू झिजतो, वंगण मिळालं की सुखी असतो. सस्पेन्शनचा रबरी बुश त्या जातीचा नाहीच. त्यात काहीही फिरत नाही, काहीही घसरत नाही.

हातात घेतला तर मुठीत मावेल एवढा तुकडा. बाहेर लोखंडाची एक नळी, आत जाड भिंतीची दुसरी नळी आणि दोघींच्या मध्ये रबर. हे रबर नुसतं ठासून भरलेलं नसतं. साच्यात उष्णता आणि दाबाखाली ते व्हल्कनाइझ होतं, तेव्हाच दोन्ही नळ्यांना कायमचं जखडतं. (गंधक घालून तापवलं की चिकट रबर चिवट होतं, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं. आपल्या गाड्यांचं निम्मं सुख त्या एका शोधावर उभं आहे.) बाहेरची नळी आर्मच्या भोकात प्रेसने दाबून घट्ट बसवतात. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो आवळला की ही नळी सबफ्रेमच्या (आर्म ज्या लोखंडी चौकटीला जोडतात तिच्या) दोन पाकळ्यांमध्ये चिमटली जाते. म्हणजे आतली नळी गाडीची झाली आणि बाहेरची आर्मची.

आता चाक खड्ड्यात गेलं. आर्म खाली झुकला, त्याच्याबरोबर बाहेरची नळी थोडी फिरली. आतली जागची हलली नाही. मधल्या रबराला पीळ बसला, दोन हातांनी ओला पंचा पिळावा तसा. चाक वर आलं, पीळ सुटला. दिवसातून हजारो वेळा हेच चालतं. धातूवर धातू घासत नाही, म्हणून ग्रीस लागत नाही आणि आवाजही होत नाही. जुने मिस्त्री याला ‘सायलेंट ब्लॉक’ म्हणतात, ते नाव अगदी चपखल आहे.

पीळ बसणं हे त्याचं रोजचं काम आहे. पण कुठलंही रबर किती पिळलं जावं याला मर्यादा असते आणि ती मर्यादा मोजायची कुठून, इथेच माझी पहिल्या वेळी चूक झाली. त्या हिशेबाकडे येतोच.

एका आर्मला दोन बुश, आणि दोघांचे स्वभाव वेगळे

गाडीत असे बुश डझनावारी असतात. लोअर आर्मला, मागच्या अ‍ॅक्सलला, शॉकअबच्या टोकाला, सबफ्रेम आणि बॉडीच्या मध्ये. स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याला) धरून ठेवणारा डी-बुशही याच कुटुंबातला. सगळ्यांची ओळख करून देत बसत नाही. पुढच्या लोअर आर्मचे दोन बुश नीट समजले की बाकीचे आपोआप समजतात.

बहुतेक फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत हा आर्म इंग्रजी एल अक्षरासारखा असतो. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट (चाकाकडचा गोळीचा सांधा), आतल्या बाजूला दोन बुश. त्यातला पुढचा लहान आणि कडक. वळणावर गाडी बाजूला ढकलली जाते तो जोर मुख्यतः तो झेलतो. तो मऊ असता तर स्टिअरिंग वळवल्यावर गाडीने जरा विचार करून मग वळण घेतलं असतं. मागचा मात्र मोठा आणि मऊ असतो. बऱ्याचदा त्याच्या रबरात चंद्रकोरीसारख्या दोन आरपार खाचा दिसतात. नवखा माणूस बघून म्हणतो, अरे, हा तर नवाच फाटलेला निघाला! पण त्या खाचा मुद्दाम ठेवलेल्या असतात. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळतं तेव्हा ते क्षणभर किंचित मागे सरकायला हवं, नाहीतर तो दणका सरळ स्टिअरिंगवर आणि आपल्या मनगटात येतो. खाचांच्या दिशेला बुश मऊ असतो आणि आडव्या दिशेला कडक. म्हणजे त्याला दिशा असते. हे ध्यानात ठेवा, बसवताना लागणार आहे.

काही गाड्यांत या मागच्या बुशच्या पोटात द्रव भरलेला असतो. द्रव एका पोकळीतून दुसरीत चिंचोळ्या वाटेने ढकलला जातो आणि कंप गिळतो. चालतो तोवर गाडी लोण्यासारखी जाते. फुटला की आर्मवर ओघळाचा काळपट डाग दिसतो आणि ठरावीक वेगाला ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरू लागतं. बरेच जण मग ब्रेक डिस्क बदलून बसतात.

गेलाय हे ओळखायचं कसं

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे गाडी रिव्हर्समध्ये घेऊन ब्रेक दाबला, मग पुढे घेऊन पुन्हा दाबला, की दोन्ही वेळा खालून एकेक ‘टक्’. ब्रेक लागला की टायरला जमीन एका दिशेला ढकलते, दिशा बदलली की दुसरीकडे. मधलं रबर फाटलेलं असेल तर आर्म तेवढा सरकतो आणि धातू धातूवर आपटतो. छोट्या खडबडीत रस्त्यावर हळू चालवताना सतत खडखड येत असेल, तर मात्र आधी स्टॅबिलायझरची लिंक रॉड आणि डी-बुश तपासा. निम्म्या वेळा गुन्हेगार तिथेच सापडतो, आणि ते काम फार सोपं आहे.

आवाजाशिवायही बुश जातो. हायवेवर गाडी सरळ ठेवायला स्टिअरिंगची बारीक बारीक दुरुस्ती करावी लागते. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला नाक वळवते. एक टायर आतल्या कडेने झपाट्याने झिजतो, अलाइनमेंट करून आणली तरी महिनाभरात पुन्हा तेच. अलाइनमेंटचं मशीन गाडी उभी असताना मापं घेतं. गाडी धावताना आर्म पाच मिलिमीटर सरकत असेल तर त्या मापांचा उपयोग काय?

डोळ्यांनी तपासताना एक भेद करायला शिका. रबराच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा हे म्हातारपण आहे. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला अशा भेगा पाडतो. वर्षानुवर्षं उभ्या गाडीलाही पडतात, म्हणून नुसता किलोमीटरचा आकडा बघून काही ठरवता येत नाही. एवढ्यावर बुश बदलायची घाई नको. पण रबर नळीपासून सुटलेलं दिसलं, भेगेत स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आत शिरलं, किंवा आतली नळी मधोमध न राहता एका बाजूला बसलेली दिसली, तर त्याचं आयुष्य संपलं. वर इंजिनची गळती असेल आणि बुश तेलात भिजून फुगलेला, बोटाला चिकट लागत असेल, तर आधी गळती थांबवा. नाहीतर नवा बुशही त्याच तेलात मरेल.

खात्री करायला टॉमी (छोटी पहार) आर्म आणि सबफ्रेमच्या मध्ये घालून हलक्या हाताने रेटा द्यायचा. थोडं हलणारच, रबर आहे ते. मिलिमीटर-दोन मिलिमीटर हलून दबकत परत आलं तर ठीक. झटकन सरकून ‘टक्’ वाजलं तर निकाल लागला. बॉल जॉइंटही त्याच वेळी हलवून बघा, कारण पुढचा निर्णय त्यावर ठरतो.

काय घ्यायचं

जुन्या गाडीच्या मालकापुढे तीन वाटा असतात: कंपनीच्या खोक्यातला भाग, बाहेरच्या मेकचा रबरी भाग, किंवा पॉलियुरेथेन (रबरासारखंच, पण जास्त कडक कृत्रिम द्रव्य).

पहिल्या दोन वाटांमधली भिंत वाटते तेवढी जाड नाही. गाडी बनवणारी कंपनी स्वतः बुश बनवत नाही, ती ते कुणाकडून तरी घेते. तोच पुरवठादार आपल्या नावाच्या खोक्यातही तेच विकतो. झेडएफ समूहाचा लेमफोर्डर हे याचं ठळक उदाहरण. अशा भागांवर कधीकधी गाडीच्या कंपनीचा शिक्का घासून काढल्याची खूण दिसते. तो डुप्लिकेट माल समजून परत करू नका, बहुधा ते मूळ साच्यातलंच पिल्लू असतं. काही मेक मूळ डिझाइनच बदलतात. मायले कंपनीच्या ‘एचडी’ मालिकेत काही गाड्यांसाठी द्रव भरलेल्या बुशच्या जागी भरीव रबराचा मजबूत बुश येतो. टिकतो जास्त, कंप थोडा जास्त जाणवू शकतो. सोळा वर्षांच्या गाडीला मला हा सौदा पटतो.

बिननावाचा स्वस्त बुश आणि चांगला बुश बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात. मी तीन गोष्टी बघतो. पहिली, व्हर्नियरने बाहेरचा व्यास आणि आतल्या नळीची लांबी, जुन्या बुशशी ताडून. बाहेरचा व्यास आर्मच्या भोकापेक्षा मिलिमीटरच्या काही दशांशांनी मोठा असायलाच हवा, त्या घट्टपणावरच तो टिकून राहतो. दुसरी, आतल्या नळीची टोकं. चांगल्या नळीच्या टोकांवर बऱ्याचदा बारीक दाते असतात, ते आवळल्यावर सबफ्रेमला चावा घेतात आणि नळी फिरू देत नाहीत. तिसरी, रबर जिथे धातूला मिळतं ती रेषा. नखाने कड उचलली जात असेल तर तो बुश दुकानातच ठेवायचा. वर्षानुवर्षं फडताळात पडून राहिलेला बुशही नको. कित्येक भागांवर साच्यातच घड्याळासारखा छोटा गोल उमटलेला असतो, बाण महिन्याकडे आणि आत वर्ष, त्यावरून वय कळतं. आणि एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीला तोच बुश बसेल असं गृहीत धरू नका. डिझेल इंजिन बहुधा जड असतं, मापं सारखी असून रबराचा कडकपणा वेगळा असू शकतो. चेसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढणं हाच शहाणपणा.

पॉलियुरेथेनबद्दल बोलायला बसलं की लोकांचे दोन पक्ष पडतात, म्हणून आधी यंत्रणा सांगतो. रबराचा कडकपणा शोर ए या मापावर मोजतात. मूळ रबरी बुश साधारण ५० ते ६५ च्या आसपास असतात, पॉलियुरेथेनचे ७० ते ९५. पण खरा फरक कडकपणाचा नाही. पॉलियुरेथेनचा बुश बहुतेक वेळा दोन अर्ध्या तुकड्यांत येतो, मध्ये सुटी स्टीलची नळी. काहीच कशाला जखडलेलं नसतं. म्हणजे इथे पीळ बसत नाही, हा बुश खरोखरच नळीवर घसरून फिरतो! तो पितळी बुशच्या जातीचा झाला. मग त्याला ग्रीस लागतं, तेही सिलिकोन किंवा टेफ्लॉनवालं, किटमध्ये पुडी मिळते ते. ते वाळलं की जुन्या वाड्याच्या दारासारखी करकर सुरू होते. त्याचा फायदाही सरळ आहे: बसवायला प्रेस बहुधा लागत नाही, तेलाने फुगत नाही, आणि पीळच नसल्यामुळे बोल्ट कुठल्या उंचीला आवळला याने त्याला फारसा फरक पडत नाही. पॉवरफ्लेक्स, सुपरप्रो, व्हाइटलाइन ही यातली जुनी नावं.

अडचण येते ती एकापेक्षा जास्त दिशांनी हलायचं असतं तिथे. मागच्या ट्रेलिंग आर्मचं (मागच्या चाकाला धरणाऱ्या लांब दांड्याचं) टोक नुसतं गोल फिरत नाही, ते तिरकंही होतं. रबर ते सहज खपवून घेतं. कडक पॉलियुरेथेन अडून बसतं, आणि मग तो ताण आर्मवर आणि बॉडीच्या ब्रॅकेटवर जातो. माझं मत विचाराल तर डी-बुशला पॉलियुरेथेन खुशाल घाला, आर्मच्या पुढच्या बुशलाही चालेल. मागच्या मऊ बुशला आणि ट्रेलिंग आर्मला रबरच राहू द्या. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, त्यांना मऊपणा नकोच असतो.

आणि हो, बॉल जॉइंटही ढिला निघाला असेल तर सुटे बुश आणण्यापेक्षा बुश आणि बॉल जॉइंट बसवलेला आख्खा आर्म घ्या. प्रेसची कटकट वाचते. फक्त त्या आर्ममध्ये कुठल्या दर्जाचे बुश ठोकलेत ते बघून घ्या. चकचकीत काळा रंग आणि आत लेचापेचा बुश, असाही माल मिळतो.

बाहेर काढणं

काम सुरू करायच्या आधी, गाडी अजून चारी चाकांवर सपाट जमिनीवर असताना, एक माप घ्या. चाकाच्या केंद्रापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत किती अंतर आहे ते. दोन्ही बाजूंचं घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. माझ्या गाडीचं डावीकडे ३६२ मिलिमीटर होतं, उजवीकडे ३५८. हा कागद शेवटी लागतो.

गाडी स्टँडवर ठेवा. जॅकवर ठेवून खाली शिरू नका, हे शंभरदा सांगून झालंय तरी सांगतो. आणि आपल्या गाडीत स्प्रिंग कुठे आहे ते बघा. मॅकफर्सन स्ट्रट असेल तर स्प्रिंग स्ट्रटवरच दोन थाळ्यांमध्ये पकडलेली असते, लोअर आर्म सोडला तरी ती जागेवर राहते. पण काही गाड्यांत स्प्रिंग आर्मवरच बसते, किंवा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आर्मला जोडलेला असतो. तिथे आर्म सोडणं म्हणजे दाबलेली स्प्रिंग मोकळी करणं. ते घरी करायचं काम नव्हे.

मॅकफर्सनवाल्यांनी आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. खरा घोळ नटात नसतो, तो आतल्या नळीत असतो. पंधरा वर्षांत बोल्ट आणि नळी गंजाने एकजीव झालेली असतात. पान्हा लावला की डोकं फिरतं, आपल्याला वाटतं सुटला. प्रत्यक्षात बोल्टाबरोबर नळीही रबरात गरगर फिरत असते आणि बोल्ट तसूभरही बाहेर येत नाही. अशा वेळी बोल्ट कापण्याला इलाज नाही, म्हणून नवे बोल्ट आधीच आणून ठेवलेले बरे. कित्येक गाड्यांत हे बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर (आवळायच्या जोरानंतर) अमुक अंश फिरवून आवळायचे असतात. तसे बोल्ट ताणले जातात, म्हणून बदलायचेच असतात.

बॉल जॉइंट सोडवताना फाट्याची छिन्नी ठोकली तर रबरी टोपी फाटते. जॉइंट पुन्हा वापरायचा असेल तर स्क्रूवाला पुलर वापरा.

आर्म बाहेर आला की बुश काढण्याआधी दोन खुणा करा. खाचांची दिशा आर्मवर मार्करने रेघ मारून, आणि बुश किती आत बसलाय ती खोली व्हर्नियरने मोजून. मग प्रेस. टेकू बाहेरच्या नळीपेक्षा किंचित मोठ्या नळकांड्याचा आणि दाब देणारा तुकडा तिच्यापेक्षा किंचित लहान. पत्र्याचा आर्म असेल तर दोन पाकळ्यांच्या मध्ये नेमक्या मापाचा ठोकळा घाला, नाहीतर बुशच्या आधी आर्म चेपतो. प्रेस नसेल तर जाड आट्यांचा बोल्ट, मोठे वायसर आणि दोन सॉकेट यांनीही खेचून निघतो, फक्त घाम जास्त निघतो.

बुश जाळून काढायची पद्धत सर्रास दिसते. रबराचा तो काळा धूर विषारी असतो, आणि आर्म अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर आचेने त्याचा कस जातो. त्यापेक्षा मधलं रबर ड्रिलने पोखरून आतली नळी काढा, मग हॅकसॉचं पातं आतून घालून बाहेरची नळी लांबीत चिरा. शेवटचा अर्धा मिलिमीटर कापायचा नाही. छिन्नीने ती कड आत दुमडली की नळी सैल होते. पातं आर्ममध्ये घुसलं तर तिथे चर पडतो, आणि चर म्हणजे पुढे भेग.

बसवणं, आणि तो हिशेब

भोक एमरी पेपरने साफ करा, गंजाची पापुद्री उरू देऊ नका. वंगण म्हणून साबणाचं पाणी. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं तर नैसर्गिक रबर फुगतं. साबणाचं पाणी काम करून वाळून जातं. प्रेसचा दाब बाहेरच्या नळीच्या कडेवरच आला पाहिजे. रबरावर किंवा आतल्या नळीवर दाब दिलात तर बसायच्या आधीच रबर धातूपासून सुटू शकतं, आणि ते बाहेरून दिसतही नाही. पहिले दोन-तीन मिलिमीटर सरळ गेले का ते थांबून चारी बाजूंनी बघा, तिरका शिरलेला बुश पुढे सरळ होत नाही. खाचा आपल्या रेघेशी जुळवा. त्या नव्वद अंशांनी फिरल्या तर मऊ दिशा कडक होईल आणि कडक दिशा मऊ.

आर्म गाडीला लावला, बोल्ट हाताने फिरवून घेतले. आता नेमकी तीच जागा, जिथे मी पहिल्यांदा जोर लावून बोल्ट आवळले होते.

माझ्या गाडीचा आर्म बुशपासून बॉल जॉइंटपर्यंत साधारण ३५० मिलिमीटर लांब आहे. गाडी स्टँडवर असताना चाक नेहमीच्या जागेपेक्षा ९० मिलिमीटर खाली लटकतं. एवढ्या लांबीच्या आर्मला ९० मिलिमीटर म्हणजे जवळपास १५ अंश. मी त्या स्थितीत बोल्ट आवळले. आतली नळी तिथेच चिमटली गेली, आणि रबराच्या दृष्टीने लटकतं चाक ही ‘विश्रांतीची जागा’ ठरली. मग गाडी खाली उतरवली. आर्म १५ अंश वर आला आणि रबराला १५ अंशांचा पीळ बसला. गाडी नुसती उभी आहे, रात्र आहे, कोणी चालवत नाही, तरी पीळ आहेच. सकाळी निघालो, एका गतिरोधकावर चाक आणखी ६० मिलिमीटर वर गेलं. एकूण पीळ २५ अंशांवर.

आतल्या नळीची त्रिज्या १० मिलिमीटर धरली तर २५ अंश म्हणजे कडेला सुमारे ४.४ मिलिमीटरचं सरकणं, आणि ते झेलायला रबराची जाडी जेमतेम ८. तेच बोल्ट गाडी नेहमीच्या उंचीला असताना आवळले असते, तर तो गतिरोधक रबराला फक्त दहा अंशांचा पडला असता आणि घरी उभ्या गाडीला शून्याचा. आठ महिन्यांचा आणि अनेक वर्षांचा फरक इथून येतो.

म्हणून आवळायचं ते उंची जुळवून. सगळ्यात सोयीचं म्हणजे गाडी रॅम्पवर चढवणं किंवा चाकांखाली भक्कम लाकडी ओंडके देऊन भार चाकांवर घेणं. ते जमत नसेल तर तो कागद काढा. हबच्या खाली जॅक लावून हब वर उचला, केंद्र ते फेंडर ३६२ आलं की थांबा, मग टॉर्क पान्हा. गाडी स्टँडवरून उचलली जातेय का यावर एक डोळा ठेवा. स्टॅबिलायझर बार जोडलेला असेल तर एकच बाजू उचलताना तो पिळून विरोध करतो, म्हणून दोन्ही बाजू एकदम उचला किंवा लिंक तात्पुरती सोडा. टॉर्कचा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. तो कमी पडला तर आतली नळी चिमटीतून निसटते, सबफ्रेमची पाकळी खात राहते आणि बोल्टाचं भोक लांबोळकं होतं. मग बुश नवा असून ‘टक्’ परत येतो.

आर्मचे दोन्ही बुश, दोन्ही बाजूंचे, एकदम बदला. डावीकडे नवा कडक आणि उजवीकडे जुना मऊ ठेवला तर ब्रेक मारताना गाडी सरळ राहणं तिच्या मर्जीवर. नंतर अलाइनमेंट करायचीच, टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते माप) हमखास बदललेला असतो. मी आधी पन्नासेक किलोमीटर चालवतो, सगळं जागेवर बसू देतो, बोल्टांवर मारलेली पांढऱ्या मार्करची रेघ हललेली नाही हे बघतो, आणि मगच मशीनवर नेतो.

दुसऱ्या वेळी मी आणखी एक रेघ मारली होती. नवा बुश प्रेसने बसवल्यावर, गाडीला लावण्याआधी, आतल्या नळीच्या बाहेर डोकावणाऱ्या भागावरून रबरावर आणि तिथून बाहेरच्या नळीच्या कडेपर्यंत, मार्करने एक सरळ रेघ, आडवी की उभी ते न बघता. काम संपल्यावर गाडी जमिनीवर उभी केली, पोटावर झोपून टॉर्च मारला. रेघ सरळ होती. मग मुद्दाम जॅक लावून चाक हवेत सोडलं आणि पुन्हा बघितलं. रबरावरचा तुकडा चांगलाच तिरका झालेला.

जुना फाटका बुश शेजारीच पडला होता. त्यावरही तशीच रेघ मारली असती, तर तेव्हा सगळं उलटं दिसलं असतं: हवेत सरळ आणि जमिनीवर तिरकी.